भिंतीवरचं माप

माझी मुलगी शनिवार-रविवार अंगावर लोखंड चढवून लोकांना तलवारीने मारते, आणि ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. कोणी विचारलंच तर "पुण्यात कॉम्प्युटरवर असते" एवढं सांगून मी चहा पुढे करतो. ते खोटं नाही. सोमवार ते शुक्रवार ती कॉम्प्युटरवरच असते.

हा रीतसर खेळ आहे, असं तिचं म्हणणं. युरोपातल्या जुन्या सरदारांसारखं चिलखत घालायचं, डोक्यावर लोखंडी टोप, हातात बोथट तलवार, आणि लाकडी कठड्याच्या आत पाच विरुद्ध पाच जणांनी एकमेकांना आडवं करायचं. जो उभा राहिला तो जिंकला. पंच असतात, नियमही असतात. (नियम मी विचारून घेतले. मानेमागे, गुडघ्यामागे आणि पावलावर मारायचं नाही. म्हणजे बाकी सगळं अंग मोकळं!) मी मालेगावात एका शाळेत लिपिक आहे. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं, नाशकाकडचं नव्हे. माझ्या घराण्यात आजवर सर्वांत मोठं हत्यार विळा होतं, आणि तोही माझ्या हातात कोणी विश्वासाने दिला नाही.

आशूने, म्हणजे अश्विनीने, पहिल्यांदा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी तो बायकोबरोबर बसून पाहिला. लोखंडातला एक माणूस खाली पडलेला आणि वर तीन जण कोसळलेले. माझा जीव कळवळला. मी फोन लावून म्हटलं, "आशू, ते खाली कोनाचं लेकरू आहे वं?"

ती म्हणाली, "बाबा, ते मीच आहे."

त्यानंतर दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. म्हणजे बोलत होतो, पण सुनंदामार्फत. फोन स्पीकरवर असायचा, मी समोर बसलेलो असायचो, आणि सुनंदाला म्हणायचो, "विचार तिले, जेवली का." तिकडून आशू म्हणायची, "आई, सांग त्याइले, जेवली." असा आमचा अबोला दिवसातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं चालायचा.

मग एक दिवस सुनंदाच्या तोंडून निसटलं की आशूच्या करंगळीचं हाड सरावात चिरलं होतं. हातमोजे कोणाचे तरी उसने घेतलेले, ढिले. तलवार बसली आणि करंगळी आतल्या आत दबली. हाड आता जुळलं होतं, पण तीन आठवड्यांनी तिची पहिली मोठी स्पर्धा होती आणि स्वतःचे हातमोजे नव्हते. बाहेरच्या देशातून मागवायचे तर दोन महिने.

त्या दिवशी मी शाळेत तीन बोनाफाइड दाखल्यांवर चुकीची नावं टाकली. डोळ्यांसमोर सारखी ती करंगळी. दुपारी राहवेना, म्हणून दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी स्वतः फोन केला.

"आशू, हातमोजे मी करून देतो."

तिकडची कीबोर्डची खडखड थांबली. मग, "बाबा? तुमी?"

"आपले सत्तारभाई आहेत ना."

"बाबा, ते कोठ्या बनवतात. गहू ठेवाच्या."

"गव्हाले कीड लागू देत नाहीत ते. तुह्या बोटाले काय होऊ देतीन?"

"बरं. माप पाठवू?"

आणि इथे मी ते वाक्य बोललो, ज्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. मी म्हटलं, "लेकीच्या हाताचं माप बापाले सांगा लागते का कुठं?"

ती हसली. दोन महिन्यांनी ऐकलं ते हसणं. म्हणाली, "मंग मी दुसरीकडे पाहत नाही बाबा. तुमच्याच भरवशावर राहते." फोन ठेवल्यावर मी शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. शिपायाने विचारलं, "सायेब, काय झालं?" म्हटलं, डोळ्यात खडूची भुकटी गेली. (लिपिकाचा आणि खडूचा काय संबंध, हे त्याने मोठ्या मनाने विचारलं नाही.)

सत्तारभाईंचं दुकान बसस्टँडच्या मागे. कोठ्या, कूलर, लग्नातल्या पेट्या, पत्र्याचं काहीही. आशूने सविस्तर व्हॉइस मेसेज पाठवला होता. मी फोन त्यांच्या ऐरणीवर ठेवला आणि दोघं मान वाकवून ऐकू लागलो.

"बाबा, दोन प्रकार असतात. एकात पाची बोटं वेगवेगळी. दुसऱ्यात अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र, वरून पत्र्याच्या पट्ट्या, एकीवर एक सरकणाऱ्या. मले दुसरा पाहिजे. वेगळ्या बोटावर मार बसला की ते एकटं बोट जाते. चार एकत्र असली की मार वाटला जाते. मूठ पुरी मिटली पाहिजे, मनगट वाकलं पाहिजे, आतून जाड गादी पाहिजे. आणि मापाचं सांगायचं तर..."

इथे मी मेसेज बंद केला. माप मला माहीत होतं.

सत्तारभाईंनी दाढी खाजवली. "भाऊ, चार बोटं एकाच घरात?"

"हो."

"म्हंजे एकत्र कुटुंब. अंदर भांडनं होतीन."

"आतून गादी आहे."

"गादी असली तरी होते, भाऊ. आमच्या घरी पाहा."

खरं सांगायचं तर माझंही मन पाच बोटंवाल्याकडे ओढत होतं. चार बोटं एकत्रवाला प्रकार म्हणजे चुलीवरचं पातेलं उतरवायचं फडकं दिसतं. पाच बोटं वेगळी म्हटलं की कसं रुबाबदार. शेवटी सत्तारभाई म्हणाले, दोन्हीचा एकेक नमुना करू आणि मारून पाहू. "पन अंदर टाकाचं काय? हात तर कोनी देनार नाई."

सुनंदा शहरालगत अर्धा एकर मळा करते. मी भेंडी आणायला सांगितली. करंगळीच्या जाडीची, कोवळी, सरळ. तिने पाटीभर दिली. पहिल्या नमुन्याच्या एका बोटात एक भेंडी घातली आणि सत्तारभाईंनी हातोडा घातला. उघडून पाहिलं तर आत चटणी. मी स्वतःची करंगळी मुठीत लपवली. भेंडी आहे हे डोक्याला कळत होतं, पण करंगळीला कळत नव्हतं. "अजून जाड पत्रा घ्या," मी म्हटलं. जाड घेतला. पुन्हा चटणी. सातव्या भेंडीनंतर मी रुबाबाचा नाद सोडला आणि पोरीचं म्हणणं बरोबर आहे हे मान्य केलं. (तिला कळवलं मात्र नाही.)

चार बोटंवाल्या नमुन्यासाठी सत्तारभाईंनी मागच्या अंगणातून एका भंगारातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं मागचं फाळकं काढलं. दणदणीत पत्रा. त्यावर लाल अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं. चार भेंड्या आत, वरून हातोडा. एक वाकली, पण चारही शाबूत! मी सत्तारभाईंना मिठी मारली. त्यांच्या हातात हातोडा होता, म्हणून ती आखूड झाली.

"आता नाप द्या," ते म्हणाले.

आमच्या घराच्या दाराशेजारी भिंतीवर कुंकवाचा एक पंजा आहे. आठ वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या दिवशी उठवलेला, घरच्या लेकीच्या हाताचा, तशी आमच्याकडे रीत आहे. आशू तेव्हा पंधरा वर्षांची होती. मला तो क्षण लख्ख आठवतो. माझ्या मोठ्या बहिणीने, आक्काने, तिचं मनगट धरलं, कुंकवाच्या ताटलीत हात टेकवला आणि भिंतीवर दाबला. माझे डोळे भरून आले होते. हा प्रसंग मी आजवर किमान शंभर लोकांना सांगितला असेल. दोनदा घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला लावला, पुढे त्यावर काच बसवून घेतली. आणि रोज सकाळी शाळेत जाताना त्या पंजाला दोन्ही हात जोडल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. घरची लक्ष्मी ती, तिचा हात तो.

तर मी शाळेतून ट्रेसिंग पेपर आणला, काचेवर चिकटवला आणि पेन्सिलीने पंजा गिरवू लागलो. मागे सुनंदा उभी.

"अवो, तिलेच विचारा ना माप."

"भिंतीवर हात असताना विचारू कायले?"

"तवापासून वाढला असन."

"पंधराव्या वर्षानंतर पोरींचे हात वाढत नाहीत." (हे मी कुठे वाचलं, देव जाणे. बहुधा कुठेच नाही.)

"फोटो मागवा एखादा."

"सुनंदा, तुले माह्यावर भरवसा नाही का?"

ती काहीतरी बोलायला गेली, थांबली आणि म्हणाली, "मी काही बोलत नाई." आणि खरंच काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं होतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

कागद पाहून सत्तारभाई म्हणाले, "हात लय नाजूक हाये पोरीचा."

मी सहज माझा हात कागदावर ठेवला. बोटाला बोट, पेराला पेर. जरा म्हणून इकडेतिकडे नाही. माझे हात लहान आहेत हे सर्वश्रुत आहे. कबड्डीत माझ्या हाताखालून लोक आरामात निघून जायचे, आणि माझ्या लग्नात सुनंदाने हात हातात दिला तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता की माझा तिच्या, यावर आजही मतभेद आहेत. पण त्या क्षणी मला त्या लहानपणाचा अभिमान वाटला.

"भाऊ, हा तर तुमचाच हात वाटून राह्यला," सत्तारभाई म्हणाले.

मी गहिवरून म्हटलं, "रक्त आहे, सत्तारभाई."

तेही गहिवरले. मग काय, मोजायला कागदाचीही गरज उरली नाही. बारा दिवस मी शाळा सुटली की दुकानात जाऊन हात पुढे करायचो आणि सत्तारभाई माझ्या हातावर पट्ट्या बसवायचे. मूठ मिटते का, मिटते. मनगट वाकतं का, वाकतं. आतली गादी सुनंदाने गोणपाट आणि जुन्या रजईच्या कापसाची शिवली. पहिली तिने चांगली ऐसपैस शिवली होती. मी कागद लावून पाहिला आणि उसवायला लावली. दुसऱ्यांदा पुन्हा रुंदीला दोन बोटं जास्त. पुन्हा उसवायला लावली. "पोरीची करंगळी ढिल्या मोज्यानंच गेली ना?" मी ओरडलो. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी रागाची समजलो. ती दयेची होती.

तयार झालेली जोडी मात्र देखणी होती. उजव्या हाताच्या पाठीवर ट्रॉलीवरचा 'आईचा' तसाच राहिला होता. घासून काढावा असं मला वाटत होतं (पंधरवडा राबला बाप आणि नाव आईचं!), पण सुनंदा म्हणाली, राहू द्या.

स्पर्धा रविवारी. बुधवारी सकाळी आशू घरी आली. जऊळक्याहून आक्काही भाचीला पाहायला आली होती. आक्का साठीची आहे, गावातल्या अर्ध्या सुनांना तिने हाताने बांगड्या चढवल्या आहेत, आणि कोणत्याही वस्तूत कोणताही हात जातो अशी तिची श्रद्धा आहे. मी हातमोजे टॉवेलात गुंडाळून ठेवले होते. टॉवेल बाजूला केला. आशू पाहतच राहिली. पट्ट्या एकीवर एक सरकवून पाहिल्या, अंगठा वाकवला, तो 'आईचा' वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे तर आमच्या क्लबात कोनाकडेच नाहीत असे."

ते वाक्य ऐकायला मी दोन महिन्यांचा अबोला आणि अकरा भेंड्या खर्ची घातल्या होत्या.

मग तिने हात घातला. बोटांची पेरं गेली आणि हात थांबला.

"नवं आहे," मी म्हटलं. "जरा जोर लाव."

तिने जोर लावला. मी जोर लावला. आक्का म्हणाली, "सरका तुमी," आणि खोबरेल तेल आणलं. मग साबण. मग प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून ती बांगडीसारखी सरकवायची तिची खास युक्ती. अंगठ्याच्या मुळाशी येऊन सगळ्या युक्त्या संपल्या. आशूचा हात लाल झाला, आणि त्या जुळलेल्या करंगळीवर दाब आला तशी ती कळवळली. मी घाबरून हात सोडला.

"असं होऊच शकत नाही," मी म्हटलं. "हे तुह्याच हाताचं माप आहे!"

"कुठून घेतलं?"

मी तिला ओढतच दारापाशी नेलं. "हे पाह्य. तुह्या हाताचा पंजा. ठेव त्यावर हात."

आशूने काचेवर हात ठेवला. पंजा दिसेनासा झाला. आठ वर्षं ज्याला मी हात जोडत होतो तो पंजा तिच्या तळव्याखाली सबंध झाकला गेला, आणि चारही बाजूंनी तिचा हात वर उरला. सुनंदाचे हातही असेच आहेत, एका मुठीत तीन वांगी घेते. पोरगी आईच्या वळणावर गेली होती आणि हे माझ्याखेरीज सगळ्या मालेगावाला दिसत होतं.

"आठ वर्षांत एवढा वाढला?" मी पुटपुटलो.

सुनंदाने आक्काकडे पाहिलं. आक्काने पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गजू, तू बस आधी."

"कायले बसू?"

"बस म्हनते ना."

मी बसलो.

"तो पंजा आशूचा नाई."

"मग कोनाचा?"

सुनंदा खाली पाहत म्हणाली, "त्या दिवशी सकाळीच आशूले अडचण आली होती. पूजा चालू, घरभर पाहुणे. तुमाले कसं सांगाचं? तिले वरच्या खोलीत बसवलं."

"आन भटजी घाई करून राह्यले," आक्का म्हणाली, "लेकीचा पंजा उठवा, मुहूर्त चालला. आता पोरीचा म्हनून लहान हात पाहिजे. मी पाह्यलं तर तू दारात उभा, फोनवर त्या आचाऱ्यासंग भांडून राह्यला, मठ्ठ्यात मीठ नाई म्हनून. एक हात मोकळाच होता. धरला, कुंकवात बुचकळला, लावला भिंतीले."

"आणि मले समजलं नाही?"

"तू म्हटलं, आक्का, हात सोड, मले बोलू दे."

"पण मले तर आठवते! तू मनगट धरलं होतं!"

"धरलं होतं ना. तुहं."

मला हळूहळू आठवू लागलं की त्या दिवशी जेवायला बसताना माझा हात लाल होता आणि तो पूजेमुळे असावा असं समजून मी धुतला होता. डोळे भरून आले होते तेही खरं होतं, पण ते मठ्ठ्याच्या रागाने.

"तुमी आठ वर्षं सांगितलं काहून नाही?" मी सुनंदाला विचारलं.

"रोज इतक्या भावानं हात जोडत होते तुमी," ती म्हणाली. "सांगाले माहा जीव होत नव्हता."

आशू इतका वेळ तोंडावर हात धरून हसत होती. भिंतीला टेकून हसली, मग खाली बसून हसली. "मठ्ठ्याचं भांडण मले आजही पाठ आहे बाबा," ती म्हणाली. "वरच्या खोलीत दुसरं ऐकू काय येत होतं?" आणि मग हसता हसता थांबली. करंगळी चोळत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तेव्हा माझा हात चालला नाही. आता बसत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट ओरडून मोकळा झालो असतो. पोरगी दिवसभर एकटी वर बसलेली, ताट वर पाठवलेलं, आणि मी खाली शंभर जणांना सांगायची गोष्ट मनात तयार करतोय, ज्यात ती नव्हतीच. मला माझीच लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे स्पर्धा चार दिवसांवर होती, माझ्या भरवशावर तिने दुसरीकडे पाहिलं नव्हतं, आणि माझ्या घरात जगातली सर्वांत मजबूत लोखंडी जोडी माझ्या मापाची तयार होती.

मी मोटरसायकल काढली. "बस मागं," म्हटलं.

सत्तारभाईंनी आशूचा हात फळीवर ठेवला, खडूने भोवती रेघ ओढली आणि मागे सरून पाहिलं. "माशाअल्ला! याले म्हनतात हात." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, मंग तो पयला कोनाचा होता?"

"एका नातेवाइकाचा," मी म्हटलं.

आशू तिथेच बसली. पट्टी न् पट्टी तिच्या हातावर बसली, कुठे ढिलं, कुठे घट्ट, तिनेच सांगितलं. तो मी बंद केलेला व्हॉइस मेसेजही सत्तारभाईंनी आता शेवटपर्यंत ऐकला. त्यात ती म्हणत होती, "मापाचं सांगायचं तर बाबा, माझा हात तुमच्यापेक्षा मोठा आहे, तेवढं ध्यानात ठेवा." सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन दिवस बाकी सगळी कामं बाजूला ठेवली. सुनंदाने गादी पहिल्यांदा शिवली होती तशी ऐसपैस शिवली. ट्रॉलीच्या फाळक्यावर उरलेला 'आशीर्वाद' नव्या जोडीत गेला. 'आईचा' माझ्याकडे राहिला.

शुक्रवारी आशू निघाली. बॅग दारात होती. मी आतून कुंकवाची ताटली घेऊन आलो, आणि पंजाशेजारच्या मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "आशू, जाता जाता हात उठव."

तिने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, आजही पाळी आहे मले. चालते का?"

हा शब्द आमच्या घरात माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला. (ते खरं होतं की माझी परीक्षा, हे मला आजवर माहीत नाही.) आक्काच्या भुवया केसांत गेल्या.

"गजू..." आक्का म्हणाली.

"आक्का," मी म्हटलं, "या खेपेले माह्या हातात फोन नाही."

आणि ताटली पुढे धरली. आशूने तळहात कुंकवात टेकवला आणि भिंतीवर दाबून धरला. तिचं मनगट कोणी धरलं नाही. तशी गरजच नव्हती.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. "हारलो बाबा. पहिल्याच फेरीत."

"बोटं?"

"दहाच्या दहा."

"काहीच लागलं नाही?"

"नाक थोडं सुजलं."

"मग नाकासाठी सत्तारभाईले..." एवढ्यात सुनंदाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

पहिली जोडी मला अशी बसते की जणू माझ्यासाठीच केली. सुनंदा मला ती घालायला लावून माझ्याकडून मळ्यातली काटेरी वांगी तोडून घेते. भिंतीवर आता दोन पंजे आहेत, एक मोठा, एक लहान, आणि येणारे पाहुणे लहान पंजाकडे पाहून विचारतात, "हा आशूचा का, लहानपणचा?" मी चहा पुढे करतो. पण हिशेब केला तर सुटीचे दिवस सोडून आठ वर्षं रोज सकाळी मी भक्तिभावाने स्वतःच्याच हाताला नमस्कार करून शाळेत जात होतो, आणि तरीही मुख्याध्यापक माझ्या गोपनीय अहवालात दर वर्षी न चुकता लिहितात, 'स्वतःवर विश्वास कमी.'